आधी कारण, मग मागणी

बैठकीत चिनी व्यापारी बोलायला लागतो. गेल्या वर्षीचा खप, वाढलेलं जहाजभाडं, वरच्या साहेबांची अडचण... समोरचा इंग्रज मनात म्हणतो, हा मुद्द्यावर येणार कधी? मुद्दा येतो अगदी शेवटी, तोवर याचं लक्ष उडालेलं असतं. उलट इंग्रजाने बसल्या बसल्या 'दर कमी करा' म्हटलं, की चिन्याला तो आडदांड वाटतो. याचं खापर सगळे कन्फ्यूशियसवर, म्हणजे अदब शिकवणाऱ्या त्या प्राचीन चिनी विचारवंतावर फोडतात. मला ते अर्धंच पटतं, कारण या दोघांना फार काळ समोरासमोर नीट बोलूच दिलं गेलं नव्हतं.

१७५७ मध्ये छ्येनलुंग बादशहाने युरोपीयांचा सागरी व्यापार दक्षिणेतल्या एकट्या कँटन (आजचं ग्वांगचौ) बंदरात आणून ठेवला. सौदा फक्त परवानाधारक 'हाँग' व्यापाऱ्यांशी, आणि परक्यांनी चिनी शिकायची नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स फ्लिंटला ती येत होती. १७५९ मध्ये तो बादशहासाठी तक्रार घेऊन थेट उत्तरेला गेला. त्याला तीन वर्षं कैद झाली. अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाला देहदंड.

मग व्यवहार चालला तो मोडक्यातोडक्या 'पिजिन' इंग्रजीत, म्हणजे व्यापारापुरत्या बनलेल्या खिचडी भाषेत. त्यात परवान्याचा शिक्का म्हणजे 'चॉप', हा आपला 'छाप'. नाणी पारखणारा तो 'श्रॉफ', म्हणजे सराफ. हाँगकाँगमध्ये पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर ही पाटी आजही दिसते. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई चीनच्या वाऱ्या करत ते याच काळात. वजन आणि भाव ठरवायला ही भाषा पुरेशी होती. आडवळण, संकोच, मान राखणं तिच्यात मावत नव्हतं.

सरकारदरबारी तर त्याहून पंचाईत. १८३४ मध्ये ब्रिटिश सरकारचा व्यापार-अधीक्षक लॉर्ड नेपियर 'पत्र' घेऊन कँटनला पोहोचला. पत्र बरोबरीच्याला लिहायचं, अर्ज वरच्याला; चिनी अधिकारी म्हणाले, 'अर्ज' करा, तोही हाँग व्यापाऱ्यांमार्फत. पत्र कोणी हातात घेईना. ब्रिटन-चीनमधल्या अफूच्या युद्धानंतर १८४२ च्या नानकिंग करारात बरोबरीच्या पत्रव्यवहाराचं कलम आलं. १८५८ च्या त्येनत्सिन करारात इंग्रजांसाठी 'यी' हा शब्द चिनी सरकारी कागदांत वापरायला बंदी झाली; इंग्रजांच्या मते त्याचा अर्थ 'रानटी'.

बोलण्याच्या क्रमाकडे लक्ष गेलं ते फार उशिरा. भाषाभ्यासक लिंडा यंग यांनी १९८२ मध्ये चिनी व्यावसायिकांच्या इंग्रजी संभाषणांवर लिहिलं. ही माणसं इंग्रजी बोलतानाही आधी 'कारण' मांडत आणि मग 'म्हणून'वर येत. आपल्या कानांना यात काही वावगं वाटणार नाही. इंग्रजी श्रोत्यांना मात्र मुख्य मुद्दा सापडत नव्हता. चिनी मंडळींचं म्हणणं साधं होतं: मागणी आधी केली तर माणूस हावरट दिसतो.