सेन्सरला धुकं धुळीसारखंच दिसतं

पहाटेची हवा शुद्ध असते, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे. डिसेंबरात पुण्यात मुठेच्या काठाने फिरायला जाणारे लोक त्याच विश्वासाने छाती भरून श्वास घेतात. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची या हिवाळ्यात पर्यावरणावर काम करणाऱ्या एका संस्थेत डेटा सायन्सची इंटर्नशिप करत होती. तिच्या पहिल्याच आलेखात नेमकं उलटं दिसलं. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण, पहाटे सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी होते. "मावशी, हवा खरंच वाईट आहे की सेन्सर चुकतोय?" तिने विचारलं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींपासून सोडवणं हेच तिचं खरं काम होतं.

गच्चीवर लावतात त्या स्वस्त सेन्सरमध्ये एक छोटा पंखा हवा आत ओढतो. त्या हवेतून लेझरचा किरण जातो, कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि त्यावरून कण किती हे ठरतं. म्हणजे हा सेन्सर धूळ तोलत नाही, पाहतो. वजनाचा आकडा तो अंदाजाने काढतो.

आता पावसाळ्यातली मिठाची बरणी आठवा. मिठाला पाणी सुटतं, कारण ते हवेतली वाफ ओढून घेतं. हवेतल्या सूक्ष्मकणांतही अमोनियम सल्फेट, नायट्रेट असे क्षार असतात. दमट हवेत ते पाणी पिऊन फुगतात. फुगलेला कण प्रकाश जास्त विखुरतो, आणि सेन्सर ते पाणीही धूळ समजून मोजतो. किती फुगतात, याचं एक सुंदर सूत्र आहे. आर्द्रता अपूर्णांकात घ्या, तिला एकातून आर्द्रता वजा करून आलेल्या संख्येने भागा, कणाच्या पाणी ओढण्याच्या गुणांकाने गुणा आणि त्यात एक मिळवा. कोरड्या कणाच्या किती पट घनफळ झालं, ते कळतं. जमिनीवरच्या हवेत हा गुणांक सरासरी ०.३ च्या आसपास धरतात. ५० टक्के आर्द्रतेला उत्तर येतं १.३ पट, ९० टक्क्यांना ३.७ पट आणि ९५ टक्क्यांना ६.७ पट! आर्द्रता ४० वरून ४५ टक्के झाली तर फरक जेमतेम १.२० ते १.२५. तेच पाच टक्के ९० च्या पुढे वाढले, की घनफळ जवळपास दुप्पट. सेन्सरचा आकडा अगदी याच पटीत वाढतो असं नाही, पण वाढीचं वळण हेच. समजा, खरं प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि सेन्सर १०० दाखवतोय. आपली २४ तासांची मर्यादा ६० आहे. एवढ्या फरकाने 'ठीक' हवा 'वाईट' ठरते.

भाचीने आधी आर्द्रतेसाठी सरळ रेषा बसवली होती. ती पहाटेच फसायची, कारण वळण पहाटेच तीव्र असतं. मग तिने हे सूत्र वापरलं आणि तुलनेला प्रमाणित यंत्राचे आकडे घेतले. ते यंत्र हवा आधी तापवून कोरडी करतं, धूळ गाळणीच्या फितीवर गोळा करतं आणि त्या फितीत बीटा किरण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, किती अडतात त्यावरून वजन काढतं. त्याची किंमत काही लाखांत जाते, म्हणून ती शहरात मोजकीच असतात. पाषाणच्या आयआयटीएमने, म्हणजे हवामानावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू केलेली 'सफर' ही हवेची गुणवत्ता मोजणारी यंत्रणा नंतर पुण्यातही आली, तिचीही केंद्रं मोजकीच.

मॉडेल फारच छान जुळलं, तेव्हा मला शंका आली. तिने सगळे तास पिसून त्यातले काही चाचणीला ठेवले होते. सहा आणि आठची हवा मॉडेलने पाहिली असेल, तर सातची ओळखण्यात काय कौशल्य? शेवटचे दहा दिवस सलग बाजूला ठेवल्यावर चूक स्पष्ट वाढली. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची, त्या रिकाम्या तासांत सरासरी भरण्याचा मोहही तिने सोडला.

तरी मूळ पेच राहिलाच. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही गार पडते आणि वरच्या उबदार हवेचं झाकण बसतं. टेकड्यांमधल्या पुण्यात शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा, वाहनांचा धूर त्याखाली साठतो. हवा गार झाली म्हणून आर्द्रताही त्याच वेळी वाढते. एकाच थंडीमुळे खरा धूर आणि सेन्सरची फसगत एकदम येतात. आर्द्रतेच्या नावाखाली आकडा जास्त छाटला, तर खरं प्रदूषणही पुसलं जातं. कितीही मोठा एआय आणला, तरी नुसत्या हिवाळ्याच्या आकड्यांतून हे वेगळं करणं अवघड आहे.

जाता जाता एक सांगते. धूप, होम किंवा गोवऱ्यांच्या धुराने हवा शुद्ध होते, असा प्रचार सध्या जोरात आहे. त्या धुरातले बहुतेक कण अडीच मायक्रोमीटरहून बारीकच असतात. बंद खोलीत सेन्सरशेजारी उदबत्ती लावून आकडा पाहा.

पेच सोडवायला पावसाळा हवा. जुलैत आर्द्रता दिवसभर जास्त आणि हवा पावसाने धुतलेली, म्हणजे थंडीने बांधलेली जोडी तिथे सुटते. भाचीने अहवालात लिहिलं, की हे मॉडेल पुण्याच्या हिवाळ्यापुरतंच धरावं आणि सेन्सर सप्टेंबरपर्यंत प्रमाणित यंत्राशेजारीच ठेवावेत. संस्थेने ते मान्य केलं. इंटर्नशिप संपली आहे, पण सेन्सर अजून गच्चीवर चालू आहेत, आणि पावसाळ्याचे आकडे आले की पुढचं गणित करायला तीच जाणार आहे.