अ‍ॅलन ली: पुस्तकातलं चित्र आणि सिनेमासाठीचं चित्र

अ‍ॅलन ली या चित्रकाराचं नाव काहींना टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या सचित्र आवृत्तीमुळे माहीत असतं, तर काहींना तिच्यावरच्या पीटर जॅक्सनच्या सिनेमांमुळे. दोन्हीकडे धुकं, दोन्हीकडे पडके बुरूज आणि म्हातारी झाडं. त्यामुळे पुस्तकासाठी काढलेलं चित्र आणि सिनेमासाठी काढलेलं कॉन्सेप्ट आर्ट (पडद्यावरच्या जागा, वस्तू, पात्रं कशी दिसतील हे आधी ठरवणारी चित्रं) म्हणजे एकच काम, फक्त पैसे देणारा वेगळा, असा समज सहज होतो. हात एकच आहे, हे खरं. पण ही दोन कामं एकमेकांच्या जवळपास उलटी आहेत, आणि ते समजून घ्यायला ली यांच्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही.

ली यांचा जन्म 1947 चा, इंग्लंडमधला. पुढे ते तिथल्याच डार्टमूर या माळरानाच्या परिसरात राहायला गेले आणि तिथली शेवाळलेली झाडं नि दगड त्यांच्या चित्रांत कायमचे आले. 1978 मध्ये ब्रायन फ्राउड यांच्याबरोबर केलेलं 'फेअरीज' गाजलं. मग वेल्श दंतकथा, किल्ले, दंतकथेतला जादूगार मर्लिन अशा विषयांवरची पुस्तकं. 1991 मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची सचित्र आवृत्ती आली, तिच्यात ली यांची 50 जलरंगचित्रं होती. दोनच वर्षांनी रोझमेरी सटक्लिफ यांनी सांगितलेल्या ट्रॉयच्या गोष्टीसाठी केलेल्या चित्रांना केट ग्रीनअवे पदक मिळालं; मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठीचा हा ब्रिटनमधला सन्मान.

आता त्या 50 चित्रांकडे नीट बघा. हजारावर पानांच्या, लढायांनी भरलेल्या कादंबरीसाठी ही चित्रं आश्चर्य वाटावं इतकी शांत आहेत. माणसं बरेचदा लांबवर, लहान, पाठमोरी. निसर्ग मोठा. हे काही जमलं नाही म्हणून झालेलं नाही. नायकांच्या मागोमाग थोडं अंतर ठेवून चालायचं आणि कथेतले कळसाचे क्षण पुन्हा चितारायच्या भानगडीत पडायचं नाही, अशी भूमिका ली यांनी स्वतःच मांडली आहे. कारण उघड आहे: शेजारच्या पानावर लेखकाचा मजकूर असतो. घोडे किती होते, कोण काय बोललं, हे सगळं तिथे आलेलं आहे. चित्रकाराने तेच परत सांगितलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे आधीच उभा राहिलेला चेहरा तो पुसून टाकतो. म्हणून पुस्तकाचा चित्रकार कागदावर जागा मोकळी सोडतो. जलरंगाचा एक पातळ हात फिरवला की किल्ल्याचा अर्धा भाग धुक्यात जातो. पुस्तकात तो धुक्यातच राहिला तरी कुणाचं अडत नाही.

सिनेमात मात्र सगळ्यांचंच अडतं.

जॅक्सन यांच्या सिनेमांसाठी ली आणि कॅनडात जन्मलेले, स्वित्झर्लंडमध्ये राहणारे जॉन हाउ न्यूझीलंडला गेले. चित्रीकरण सुरू झालं 1999 च्या ऑक्टोबरमध्ये, पण आखणी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. हेल्म्स डीप हा डोंगरात बांधलेला गड ली यांनी पुस्तकासाठी आधीच रंगवला होता, आणि तेच चित्र सिनेमासाठी आधाराला घेतलं गेलं. पण पुस्तकातलं चित्र एकाच बाजूने पाहिलेलं असतं. मॉडेल करणाऱ्याला गडाची चारही अंगं लागतात. तट किती जाड? त्यावर किती माणसं शेजारी शेजारी उभी राहू शकतात? जिना बाहेरून आहे की आतून? तटाखालून पाणी वाहून जायची मोरी नेमकी कुठे? ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण कथेत शत्रू तिथेच सुरुंग लावतो, त्यामुळे मोरी चुकली तर सगळी लढाईच चुकली. अशा प्रश्नांची उत्तरं एकेका रेखाटनातून देत जायचं, मग 1:35 प्रमाणातलं मॉडेल आणि वेलिंग्टनजवळच्या एका खाणीत उभारलेला सेट. या कामात धुक्यामागे लपता येत नाही. सुतार येऊन विचारतोच.

हाच मुद्दा दुसऱ्या एका इलस्ट्रेटरच्या कामात आणखी ठसठशीत दिसतो. राल्फ मॅक्वॉरी हे आधी बोइंग कंपनीत तांत्रिक चित्रं काढायचे. 1975 मध्ये जॉर्ज लुकास यांनी त्यांना 'स्टार वॉर्स'साठी चित्रं काढायला सांगितली. पटकथेत खलनायक डार्थ व्हेडर एका अंतराळयानातून दुसऱ्या यानात जातो. मॅक्वॉरी यांच्यासमोर साधा प्रश्न आला: मधल्या पोकळीत हा गडी श्वास कसा घेणार? म्हणून त्यांनी त्याला श्वासाचा मुखवटा दिला. म्हणजे जगभर ओळखला जाणारा तो चेहरा एका व्यावहारिक शंकेतून निघाला. त्या चित्रांचं आणखी एक काम होतं, स्टुडिओला पटवणं. पैसे लावणाऱ्यांना कागदावरच्या शब्दांतून जे दिसत नव्हतं, ते रंगांत दिसलं. पुस्तकाच्या चित्रावर असलं ओझं क्वचितच असतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक. पुस्तकाचं चित्र छापून आलं की काम झालं, तीच अंतिम वस्तू. त्यावर चित्रकाराचं नाव असतं, आणि हक्क बरेचदा त्याच्याकडेच राहतात. कॉन्सेप्ट आर्ट वापरून संपवण्यासाठी असतं. एका दरवाजाची दहा रूपं काढायची, नऊ बाद होणार, दहावं बांधून झालं की तो कागद फायलीत. दिग्दर्शक बदलायला सांगतो, कलादिग्दर्शक बदलतो, बजेट तर बदलायला लावतंच. आणि चित्राची मालकी सहसा निर्मात्यांची. एकट्याने खोलीत बसून काम करायची सवय असलेल्या माणसाला हे किती जड जात असेल! ली यांनी मात्र ते पचवलं. थोडे महिने राहू म्हणून गेलेला माणूस तिथे काही वर्षं रमला. पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीला अंगठ्या मिळालेले नऊ मानवी राजे दिसतात, त्यांतले एक खुद्द ली आहेत.

स्टोरीबोर्डलाही कॉन्सेप्ट आर्ट म्हणायची पद्धत पडली आहे, पण ते तिसरंच प्रकरण आहे. कॅमेरा कुठे, कोणत्या शॉटनंतर कोणता, एवढंच त्यात असतं; चित्र देखणं नसलं तरी चालतं.

घोळ वाढवायला बाजारही हातभार लावतो. सिनेमा गाजला की त्याचं कॉन्सेप्ट आर्ट गुळगुळीत कागदावर छापून जाडजूड पुस्तक निघतं, आणि कामचलाऊ म्हणून काढलेलं रेखाटन एकदम पुस्तकचित्र होऊन बसतं. उलटही घडतं. ली यांनी पुस्तकासाठी काढलेला ऑर्थांक हा कादंबरीतला काळा मनोरा पडद्यावर जवळपास तसाच आला. हाउ यांच्या जुन्या चित्रांचंही काही बाबतींत असंच झालं. त्यामुळे कुठलं चित्र आधीचं, कुठलं नंतरचं, याचा शोध घेताना साल बघितल्याशिवाय बोलू नये. ली यांच्या बाबतीत 1991 चं असेल तर पुस्तकाचं, हे तरी पक्कं.

2004 मध्ये 'द रिटर्न ऑफ द किंग'ला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. ते ग्रँट मेजर, डॅन हेना आणि ली यांच्यात विभागलेलं आहे, आणि अकादमीच्या नोंदीत ली यांचं नाव सेट डेकोरेशनखाली सापडतं. चित्रकाराला कुठल्या रकान्यात बसवायचं, हा प्रश्न तिथे असा सुटला. त्यानंतर ते पुस्तकांकडे परतले. 2007 मध्ये 'द चिल्ड्रन ऑफ हुरिन' आलं, मग टॉल्किनचीच आणखी काही. त्या चित्रांत माणसं पुन्हा लांब गेलेली आहेत, आणि तटांच्या मागच्या बाजूला काय आहे ते कुणीही विचारलेलं नाही.