डॅशबोर्डवरचं फायबर: हार्डनर वाढवून ते पक्कं का होत नाही

'हार्डनर थोडं जास्त टाका, फायबर पक्कं होईल' हा सल्ला डॅशबोर्डच्या कामात हमखास ऐकू येतो. फायबर म्हणजे काचतंतूंच्या मॅटमध्ये रेझिन हा चिकट द्रव जिरवून केलेला कडक थर, आणि हार्डनर म्हणजे ते रेझिन घट्ट करणारं रसायन. हा सल्ला चुकीचा आहे. का चुकीचा, हे कळलं की या कामातल्या बऱ्याच अडचणी आधीच टाळता येतात.

डॅशबोर्ड तडकतो तो उन्हाने. वरच्या पीव्हीसी कातडीला लवचीक ठेवणारं प्लास्टिसायझर उष्णतेने हळूहळू निघून जातं, कातडी आकसून फाटते आणि खालच्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा भुगा होतो. चकाकी आणणारं पॉलिश ही भेग भरून काढत नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

प्रवाशाच्या बाजूला एअरबॅग असेल तर डॅशबोर्डला फायबर चढवूच नये. एअरबॅगचं झाकण ठरलेल्या रेषेवरच उघडावं लागतं. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेल्सना ही एअरबॅग सक्तीची आहे, म्हणून हे काम मारुती ८००, पद्मिनी अशा जुन्या गाड्यांचं. त्या झाकणावर देवाची मूर्ती चिकटवणंही तितकंच घातक. रक्षण करील म्हणून ठेवलेली मूर्ती एअरबॅग उघडताच प्रवाशाच्या तोंडावर फेकली जाते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून डॅशबोर्ड बाहेर घ्या. सुटलेली कातडी कापा, भुगा खरवडा, खड्डे कडक पीयू फोमने भरून आकार द्या. थर्माकोल वापरू नका, रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. मागच्या बाजूला प्लास्टिकची खूण पाहा. एबीएस असेल तर ८० नंबरच्या पेपरने घासलं की रेझिन धरतं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर ते धरत नाही, म्हणून ३-४ मिलिमीटरची भोकं पाडून पकड द्यावी लागते.

आता रेझिनकडे. पॉलिएस्टर रेझिन म्हणजे स्टायरीनमध्ये विरघळलेल्या लांब साखळ्या, त्यांत जागोजागी दुहेरी बंध. हार्डनर असतं मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, म्हणजे एमईकेपी. रेझिनमध्ये वेग वाढवण्यासाठी घातलेलं कोबाल्ट त्याचे तुकडे करतं आणि मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले उतावळे तुकडे, तयार होतात. मूलक स्टायरीनचा दुहेरी बंध उघडतो, त्याचं टोक पुढचा रेणू पकडतं, आणि वाढता वाढता शेजारच्या पॉलिएस्टर साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. दोन वाढती टोकं एकमेकांना भेटली की दोघांची वाढ थांबते.

विलक्षण भाग पुढे आहे. रेझिनची जेली झाली की ही अवजड टोकं जागच्या जागी अडकतात. विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर दोन ढोलपथकं एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत, पण पाण्याच्या बाटल्या विकणारा पोरगा वाट काढतो. तसा स्टायरीनचा छोटा रेणू अजूनही टोकापर्यंत पोचतो. म्हणजे वाढ चालू, थांबणं मात्र जवळजवळ बंद. त्यामुळे घट्ट होत असतानाच अभिक्रियेचा वेग वाढतो, उष्णता वाढते, उष्णतेने आणखी एमईकेपी फुटतं. पंधरा-वीस मिनिटं शांत असलेला डबा अचानक तापतो तो यामुळे. जाड थरात तापमान १५० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं.

हार्डनर जास्त झालं की एकाच वेळी असंख्य साखळ्या सुरू होतात आणि प्रत्येक आखूड राहते. रेझिन घट्ट होताना होणारी आकारमानातली ५ ते ८ टक्के घट झपाट्याने होते, थर वाकतो, बारीक तडे जातात. शिवाय एमईकेपी ज्या द्रवात मिसळून विकतात तो आत उरून फायबर मऊ ठेवतो.

म्हणून हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्केच. पाव किलो रेझिनला दीड टक्का म्हणजे पावणेचार ग्रॅम. एका वेळी पाव किलोहून जास्त रेझिन कालवू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी १ टक्का पुरतो, त्याखाली मात्र जाऊ नका, फायबर कच्चं राहतं. जानेवारीच्या सकाळी प्रमाण वाढवण्याऐवजी दुपारपर्यंत थांबा. पावसाळ्यात मॅट आधी उन्हात किंवा बल्बखाली सुकवा. ओलसर मॅट पांढरी पडते.

कोबाल्ट वेगळं मिळालं तर विक्रेत्याने सांगितलेल्या प्रमाणात आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मग हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होतो. चष्मा आणि ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क हवाच. रुमाल स्टायरीनची वाफ अडवत नाही.

३०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या मॅटचे दोन थर, मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन. मॅट भिजवून मिनिटभर थांबा, तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळला की ती वळणावर बसते. मग ब्रश टोचून हवा काढा. दोन थर सुमारे दीड मिलिमीटर भरतात, वर पुट्टी आणि रेग्झिन, म्हणून व्हेंट आणि ग्लोव्हबॉक्सच्या कडा तेवढ्या आधीच घासून ठेवा. पृष्ठभाग चिकट राहतो कारण हवेतला ऑक्सिजन मूलक गिळतो. पुढच्या थराला तो चिकटपणा फायद्याचा, शेवटचा थर मात्र ॲसिटोनने पुसून घासा.

उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो आणि साधं रेझिन तिथेच मऊ पडू लागतं. त्याऐवजी उष्णता जास्त सोसणारं आयसोफ्थॅलिक रेझिन घ्या. रेग्झिन लावण्याआधी डॅशबोर्ड काही दिवस कडक उन्हात ठेवा. स्टायरीनचा वास येतोय तोवर रेग्झिन चिकटवू नका, नाहीतर खालून फुगे येतात.