सुधारून सांगणं आणि सुधारायला लावणं

जर्मन शिकणारा विद्यार्थी म्हणतो, ‘इश हाबे गेगांगेन.’ त्याला ‘मी गेलो’ म्हणायचंय, पण जाण्या-येण्याच्या क्रियापदासोबत इथे ‘हाबे’ऐवजी ‘बिन’ लागतं, ‘तू’ असेल तर ‘बिस्ट’. एक शिक्षिका म्हणते, ‘अच्छा, डू बिस्ट गेगांगेन! उंड डान?’ म्हणजे, तू गेलास, आणि मग? दुसरी फक्त ‘इश...’, म्हणजे ‘मी...’, म्हणून त्याच्याकडे बघत थांबते.

चूक दोघींनीही दाखवली. पण पहिलीने बरोबर रूप स्वतःच उच्चारलं, याला रीकास्ट म्हणतात. दुसरीने ते त्याच्याकडून काढून घेतलं.

रीकास्टमध्ये बोलण्याचा ओघ तुटत नाही आणि मूल ओशाळत नाही, म्हणून शिक्षकांना तो आवडतो. अडचण अशी की बरोबर उत्तरालाही शिक्षक असंच दुजोरा देत ते पुन्हा म्हणतात. त्यात ‘मी’चं ‘तू’ झालेलं, वर ‘मग?’ हा प्रश्न. विद्यार्थ्याला ऐकू येतं ते ‘हो, पुढे बोल’. तो पुढे बोलतो आणि ‘हाबे’ तसंच राहतं.

रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी माँट्रियल परिसरातल्या फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के रीकास्ट होते, आणि त्यांतल्या फक्त 31 टक्क्यांना मुलांनी काही प्रतिसाद दिला. उत्तर काढून घेतलं तेव्हा मात्र प्रत्येक वेळी मूल काहीतरी बोललं, जरी ते दर वेळी बरोबर नव्हतं.

प्रतिसाद म्हणजे शिकणं नव्हे, हे खरं. गप्प मुलानेही रूप टिपलेलं असू शकतं. तरीही जे रूप शिकवून झालंय, पण जिभेवर बसलेलं नाही, तिथे मला दुसरी वाट निःसंशय बरी वाटते, कारण आठवण्याचे कष्ट विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. मात्र थांबायचं तर खरोखर थांबावं लागतं. क्षणभरात शिक्षकानेच उत्तर दिलं, की तो पुन्हा रीकास्टच झाला.

जे रूप कधी कानावरच पडलेलं नाही, ते काढून घ्यायला जाणं म्हणजे मुलाला विनाकारण अडवून धरणं. तिथे सरळ सांगावं. रीकास्टच करायचा असेल तर ‘बिन’वर जोर द्यावा, ‘मग?’ लगेच विचारू नये, आणि त्याला ते वाक्य एकदा म्हणू द्यावं.