इन्सुलेशन म्हणजे घराला स्वेटर?

‘इन्सुलेशनचे, म्हणजे भिंती-छपराला उष्णता अडवणारा थर लावण्याचे, नियम थंड देशांसाठी आहेत, आपल्याकडे लावलं तर घराची भट्टी होईल,’ हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. शंका रास्त वाटते, कारण स्वेटर घातला की उकडतंच. पण आपलं अंग स्वतः उष्णता तयार करतं, स्लॅब करत नाही. बर्फवाला लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो, ती लवकर का वितळत नाही? कारण हा थर उष्णतेला फक्त अडवतो, मग ती आतून येवो की बाहेरून.

आता नियम बघा. छपरातून उष्णता किती सहज जाते ते यू-मूल्य सांगतं. जितकं कमी तितकं चांगलं. जर्मनीत जुन्या घराचं उतरतं छप्पर नव्याने करताना कमाल 0.24 चालतं. आपल्या 2018 च्या ‘इको-निवास संहिते’त, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छपराची ही मर्यादा 1.2 आहे. म्हणजे सैल, पण आहे. नुसत्या सहा इंची स्लॅबचं मूल्य तीनच्या वर जातं.

मेसेजमध्ये थोडं तथ्यही आहे. काचेतून ऊन आत आलं आणि वारा खेळता नसला, तर उष्णता कोंडते. म्हणून तर हीच संहिता उष्ण-दमट भागात उघडता येणारा खिडक्यांचा भाग चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के मागते.

खात्री करायचीय? सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर मे महिन्यात रात्री नऊला स्टुलावर चढून छताला हात लावा. मग खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला लावून बघा. दिवसभर ऊन खाल्लेला स्लॅब कुठला, ते हातालाच कळेल.