हेडसेटमधली होडी लागते तेव्हा

पावसाळ्यात समुद्र खवळला की मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात. अशा वेळी व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा डोळ्यांवरचा पडदा, चढवून घरातच किल्ला फिरता आला तर किती छान! गुडघेदुखीमुळे होडीत चढता न येणाऱ्यांना तर ती पर्वणीच. तंत्र नवं नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच डोक्यावर बसवायचा असा पडदा करून दाखवला होता. अडचण आहे ती आपल्या कानाची.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळणाची खबर पोचते. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे कण असतात, शिंपल्यात असतं तेच द्रव्य. पुढे-मागे, वर-खाली बसणारे हिसके त्यांच्यामुळे कळतात. होडीत मान खाली घालून बसलात, तर कानाला झोका कळतो आणि डोळ्यांना समोरची फळी स्थिर दिसते. या विसंगतीनेच बोट लागते. दोन्ही आतले कान पूर्ण निकामी असलेल्यांना ती लागत नाही! म्हणून नवख्याला लांब किनाऱ्याकडे बघायला सांगतात.

हेडसेटमध्ये नेमकं उलटं घडतं. डोळ्यांसमोर लाट उसळते, खुर्ची मात्र जागची हलत नाही. घाम फुटतो, तोंडात लाळ दाटते, मळमळतं. लांब बघूनही उपयोग नाही, कारण तिथलं क्षितिजच डोलत असतं.

म्हणून कोकणचे जलदुर्ग व्हीआरमध्ये आणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: कितीही मोह झाला तरी होडीचा प्रवास दाखवू नका. बघणाऱ्याला थेट तटावर उभं करा. चालवत नेण्यापेक्षा एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम पोचवा. मान वळल्यावर चित्र वळायला २० मिलिसेकंदांहून जास्त उशीर नको.

आणि थरार हवाच असेल, तर तो पायाखाली आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना व्हीआरमधल्या खोल खड्ड्याच्या काठावर उभं केलं. सपाट जमिनीवर आहोत हे ठाऊक असूनही हृदयाचे ठोके वाढले. काठाच्या जागी जेमतेम दीड इंच जाडीची खरी फळी ठेवली, तेव्हा ते आणखी वाढले. आपल्याकडे तर जांभ्याचा चिरा कुठेही मिळेल! फक्त आधाराला शेजारी माणूस हवा. हेडसेट काढल्यावर गरगरत असेल, तर ते थांबेपर्यंत गाडी चालवायला घेऊ नका.