वारा सुटला की कॅनू काठावरच बरी

कॅनडासारख्या उत्तरेकडच्या देशांत, जंगलांतल्या सरोवरांवर शरदात डास संपलेले असतात, गर्दी ओसरलेली असते. कॅनूतून, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद उघड्या होडीतून, चार-पाच दिवसांची सफर करायला हा काळ मोठा छान. मात्र याच दिवसांत वारा वाढतो आणि पाणी झपाट्यानं गार पडत जातं. दुपारी हवा १८ अंशांवर असली तरी पाणी १० अंशांच्या खाली असू शकतं, आणि कपडे हवा बघून नव्हे, पाणी बघून निवडायचे असतात.

आधी वारा. त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १० किमीचा वारा २० झाला की दाब चौपट. लाटांच्या बाबतीत वारा किती वेळ वाहतोय आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर कापून आलाय, हेही धरावं लागतं. फसगत होते ती इथंच. वारा पाठीमागच्या झाडीवरून येत असेल तर आपल्या काठाजवळचं पाणी जवळपास संथ असतं आणि दूरवर लाटांच्या नुसत्या पाठी दिसतात. ताशी ३५ किमीच्या वाऱ्यात तीन किलोमीटर पुढं त्याच लाटा फूटभर होतात. सामानानं भरलेल्या कॅनूची कड पाण्यापासून वीतभरही वर नसते! तिथून परतायचं तर वळताना कॅनू लाटांना आडवी येणार. त्यामुळे निघण्यापूर्वी पलीकडचं पाणी दुर्बिणीतून बघावं. लाटांचे शेंडे जागोजाग फेसाळलेले दिसले तर वारा २० किमीच्या पुढं गेलाय असं समजावं आणि मोकळं पाणी ओलांडायचा बेत सोडून द्यावा.

उन्हाळ्यात पहाटे निघून वारा चुकवता येतो, कारण दुपारी तापलेली जमीन वरच्या थरातला वेगवान वारा खाली ओढते. शरदात थंड हवेची आघाडी, म्हणजे गार हवेच्या लोटाची पुढची कड, सरकली की वारा रात्रंदिवस वाहतो. पाच दिवसांच्या सफरीला सात दिवसांचं अन्न न्यावं ते यासाठीच.

वाऱ्याविरुद्ध जाताना एखादी जड पिशवी मध्यापासून जराशी पुढं सरकवावी. पुढचं टोक पाण्यात अंमळ खोल बसलं की हलकं मागचं टोक वाऱ्यानं ढकललं जातं आणि कॅनू आपोआप वाऱ्याकडं तोंड करून राहते. वारा पाठीमागून असेल तेव्हा उलट करायचं. वजन पुढं फार झालं तर मात्र टोक लाटेत घुसतं. वल्हवताना गुडघ्यांवर बसावं. आत पाणी आलं तर ते लगेच उपसावं, कारण कॅनू ज्या बाजूला कलते तिकडंच ते धावतं आणि कल वाढवतं. डबा कापून केलेलं उपसणं आडव्या दांडीला दोरीनं बांधलेलंच हवं.

पाण्यात पडल्यावर काय होतं याचं गणित कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी १-१०-१ असं सुटसुटीत मांडलंय. पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो. पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला मात्र तासभर लागू शकतो. म्हणजे गारठून मरण्याच्या कितीतरी आधी माणूस हात चालेनासे होऊन बुडतो. लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवलं असेल तर त्या पहिल्या मिनिटात ते चढवणं जवळपास अशक्यच. आता हिशेब करा: भरलेली कॅनू शांत पाण्यात ताशी पाचेक किलोमीटर जाते, तीन किलोमीटरला ३५ मिनिटांवर लागतात. मध्यभागी उलटलात तर १० मिनिटांत काठ गाठणार कसा? लांब पडलं तरी काठाकाठानंच जावं.

सुती कपडे घरीच ठेवावेत. भिजलं सूत अंगाला चिकटतं आणि त्यातलं प्रत्येक ग्रॅम पाणी वाळताना जवळपास २,४०० ज्यूल उष्णता घेतं, त्यातली बरीचशी आपल्या अंगातली. लोकर भिजूनही पुरती बसत नाही, थोडी हवा धरून ठेवते. झोपण्याचा कोरडा जोड वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवावा. सकाळी ओलेच कपडे चढवायचे. नको वाटलं तरी, नाहीतर दुसऱ्या रात्री कोरडं काहीच उरत नाही.

कुणी पडलंच तर बाहेर काढून आडवं निजवावं, ओले कपडे उतरवावेत, ऊब छातीला आणि काखांना द्यावी. शुद्ध नीट असेल तर गरम गोड पेय द्यावं, दारू नको. हातपाय चोळू नयेत. अंग गारठलेलं असूनही कापरं थांबलं तर ते बरं झाल्याचं लक्षण नसतं. शरीराचं इंधन संपत आल्याचं असतं, आणि तेव्हा मदत मागवायला क्षणाचाही उशीर करू नये.